डाव्या चाकावरचे ओरखडे

पत्र थोडक्यात: "काका, मी २७ वर्षांची. सांगली जिल्ह्यात आई-बाबा आणि धाकट्या भावासोबत राहते. मार्गशीर्षात माझा साखरपुडा आहे. बाबा ६५ वर्षांचे. ७ वर्षांपूर्वी निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी गाडी घेतली आणि तेव्हाच चालवायला शिकले. गाडी जिवापाड जपतात, पण तिची अलॉय चाकं घासून पार विद्रूप झालीत. उजवीकडची त्यातल्या त्यात बरी, डावीकडची दोन्ही खराब, आणि मागचं डावं तर बघवत नाही. साखरपुड्याला सासरची माणसं घरी येणार आणि गाडी दारातच उभी असते. गॅरेजवाला म्हणतो चाकं बदला, पण त्याने सांगितलेला आकडा आम्हाला परवडणारा नाही. भावाने काळ्या स्प्रे पेंटचे डबे मागवून ठेवलेत. बाबांना विचारलं तर 'चाक फिरतंय ना, मग त्याला नटवायचं कशाला' म्हणून विषय तोडतात. कार्तिकीला ते एसटीने पंढरपूरला जातात. तेव्हा दोन दिवसांत पोर्चमध्ये चारही चाकं गुपचूप रंगवून टाकावीत, असं आम्हा भावंडांचं चाललंय. मी परवाना काढलाय, पण माझा हात अजून बसलेला नाही. आईला दमा आहे, त्याची काळजी वाटते. घरी मारलेला रंग टिकतो का? आणि बाबांना न विचारता हे करणं चूक आहे का?"

तुझं पत्र दोनदा वाचलं. वयाने माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून एकेरीतच लिहितो.

आधी सरळ उत्तर. घरी मारलेला रंग टिकतो. माझ्या गाडीच्या एका चाकावर मी स्वतः मारलेला रंग चार पावसाळे काढून अजून धरून आहे. त्याआधी रंगवलेल्या चाकाचा रंग मात्र पहिल्याच प्रेशर वॉशला कांद्याच्या सालीसारखा निघाला होता. डबे दोन्ही खेपेला सारखेच होते. पहिल्या वेळी मी घासायचा कंटाळा केला होता, तेवढाच फरक.

कसं करायचं ते पुढे सविस्तर लिहितो. पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. "मागचं डावं तर बघवत नाही." तू ते चाकाच्या रूपाबद्दल लिहिलंस. मला मात्र त्यात गाडी कुठे घासत असेल, याचा माग दिसला.

आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो. डावी बाजू त्याच्यापासून लांब, आणि डावीकडच्या चाकांची कड त्याला कधीच थेट दिसत नाही. त्यामुळे डावी चाकं जास्त घासणं स्वाभाविक आहे. पण रस्त्याच्या कडेला गाडी लावताना फूटपाथला घासतं ते बहुतेक वेळा पुढचं चाक, कारण आपण आधी नाक आत घालतो. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त खराब असेल तर बहुधा वळण हेच कारण असतं. गाडी वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते आतून वळण कापतं. एसटीचा ड्रायव्हर डावीकडे वळण्याआधी गाडी जराशी उजवीकडे घेतो, तो यासाठीच. म्हणजे बाबांच्या रोजच्या वाटेवर कुठेतरी एक डावं वळण आहे, जिथे पुढचं चाक सुखरूप निघून जातं आणि मागचं कशावर तरी चढतं किंवा घासतं. अशी जागा बहुतेक वेळा आपल्याच घराच्या फाटकात सापडते.

जा आणि बघून ये. फाटकाच्या डाव्या खांबाच्या पायथ्याशी, रॅम्पच्या कडेला, गटारावरच्या फरशीच्या कोपऱ्याला रबराचे काळे पट्टे किंवा चंदेरी रेघा दिसतात का? दिसल्या तर टेप घेऊन त्यांची जमिनीपासूनची उंची मोज. मग टायरवरचा आकडा वाच. समजा १८५/६५ आर १५ असं लिहिलंय. १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. साधारण १२ सेंटिमीटर होतात. रिमची, म्हणजे टायरच्या आतल्या धातूच्या चाकाची, कड जमिनीपासून त्याहून थोडी कमी उंचीवर असते, त्यामुळे बुटकी कड फक्त रबराला लागते आणि रिमला घासायला बऱ्यापैकी उंच कड लागते. तुमच्या फाटकापाशी तेवढ्या उंचीचा एखादा कोपरा असेल तर अपराधी सापडला. गवंड्याला बोलावून तो कोपरा तिरका छाटून घ्यायचा, त्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढायचा, हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते न करता चाक रंगवलंस तर साखरपुड्याआधीच नवा ओरखडा पडेल.

दुसरी गोष्ट ओरखड्यांच्या वयाची. ताजा ओरखडा नाण्यासारखा चमकतो. जुना काळवंडतो, आणि त्याच्या कडेने रंगाच्या खाली पांढरट भुकटी धरते. लोखंडाला तांबूस गंज चढतो तसाच हा ॲल्युमिनियमचा गंज. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून चारही चाकं नीट बघ. सगळे ओरखडे जुने असतील तर ते बहुधा शिकण्याच्या पहिल्या एक-दोन वर्षांतले असतील, बाबांचा हात त्यानंतर बसला आणि काळजी करण्यासारखं काही उरलं नाही. अर्ध्याहून जास्त चमकत असतील तर चाकं आजही घासतायत. मग रंगाच्या आधी बाबांशी बोलायला हवं.

याचा अर्थ बाबांना गाडी चालवता येत नाही असा लगेच काढू नकोस. कदाचित डावा आरसा वर उचललेला असेल आणि त्यात नुसतं आभाळ दिसत असेल. मागच्या दाराची मूठ आणि तिच्याखालची जमीन दिसेल इतका तो खाली करून बघा. वळताना मागचं चाक कुठे आहे याचा अंदाज लगेच येतो. कदाचित सीट फार खाली असेल. आणि हो, डोळ्यांचाही विचार करावा लागेल. पासष्टीत मोतीबिंदू सुरू झालेला असू शकतो. काचबिंदू तर हळूहळू कडेची नजर खातो, दुखत-खुपत काही नाही, त्यामुळे माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. या वयात परवान्याचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण होतं आणि त्याला डॉक्टरांचा १-अ नमुन्यातला दाखला लागतो, म्हणजे बाबांनी तो एकदा दिलाही असेल. पण दाखल्यापुरती तपासणी वेगळी आणि नेत्रतज्ज्ञाकडे बाहुली मोठी करून केलेली तपासणी वेगळी. वर्षातून एकदा ती करून घ्यायला हवी, गाडी घासत असो वा नसो.

म्हणून सांगतो, रंगवण्याआधी चारही चाकांचे जवळून फोटो काढून ठेव. ओरखडे एकदा घासून टाकले की त्यांच्यावरून काही कळण्याची सोय राहत नाही.

आता गुपचूप करण्याबद्दल. तुम्हा भावंडांच्या मनात बाबांना आनंदाचा धक्का द्यायचं आहे, हे मला कळतं. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी स्टिअरिंग हातात धरलेल्या माणसाला त्या चाकावरचा एकेक ओरखडा कुठे पडला ते पाठ असतं, असं मला वाटतं. 'नटवायचं कशाला' या बोलण्यामागे खर्चाची काळजी असेल, किंवा हे आपल्याच हातून झालंय ही खंत असेल. त्या खंतीवर पोरांनी पाठीमागे रंग मारून ठेवला, तर बाहेरून ते 'छान झालं' म्हणतील आणि आतून ओशाळतील. सासरची माणसं चाकांकडे बघणारच नाहीत असं मी म्हणत नाही, काही जण बघतातही. पण ज्या घरात मुलगी द्यायची किंवा जिथून आणायची तिथल्या मोटारीचं चाक किती घासलंय, यावर मत बनवणारी माणसं असतील तर ती चंदेरी रंगानेही बधणार नाहीत. बाबा त्या दिवशी कसे दिसतात आणि कसे वावरतात, हे मला चाकांपेक्षा मोठं वाटतं.

न विचारता करू नये याचं याहून रोकडं कारण आहे. चाक काढून परत बसवलं की पहिल्या काही किलोमीटरनंतर त्याचे नट पुन्हा आवळून तपासावे लागतात. जो गाडी चालवणार त्याला चाक निघालं होतं हे माहीतच नसेल तर तो तपासेल कसं? या एका गोष्टीसाठी तरी हे काम बाबांपासून लपवून करायचं नाही.

मग सांगायचं कसं? नवरात्र सुरू आहे, दसरा तोंडावर आलाय. दसऱ्याला सकाळी बाबा गाडी धुतीलच. त्यांच्यासोबत बादली घेऊन उतर आणि डाव्या बाजूची चाकं तू धू. तू लिहिलंयस की तुझा हात अजून बसलेला नाही. तेच खरंखुरं विचार त्यांना: "बाबा, फाटकातून डावीकडे घेताना मला भीती वाटते, तुम्ही कसं वळवता?" त्यांना वळवून दाखवू दे. तू बाहेर उभी राहून मागचं डावं चाक कुठून जातं ते बघ. मग तू चालव आणि त्यांना बाहेर उभं राहून बघू दे. एकदा बाहेरून पाहिलं की त्यांच्या लक्षात येईल, तुला काही बोलावं लागणार नाही. त्यानंतर "हे चाक आपण मिळून रंगवूया का" हे विचारणं सोपं जाईल. आणि तरीही ते नको म्हणाले तर नको. गाडी त्यांची आहे.

ते हो म्हणाले असं धरून पुढे जातो. पहिली फेरी टायरवाल्याकडे, ज्याच्याकडे व्हील बॅलन्सिंगचं मशीन आहे अशा. गॅरेजवाल्याने चाकं बदला म्हटलं, पण का ते सांगितलं का? नुसत्या ओरखड्यांसाठी चाक बदलावं लागत नाही. मशीनवर फिरवल्यावर रिम लडबडत असेल, आतल्या बाजूच्या कडेला खड्ड्याने बसलेला चपटा ठोका असेल, चार-आठ दिवसांनी हवा कमी होत असेल, किंवा कुठे केसाएवढी चीर असेल, तर मात्र त्याचं म्हणणं ऐका. चीर गेलेलं अलॉय रंगवू नये, त्यात पुट्टी भरू नये आणि कुणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी करून घेऊ नये. ओतीव ॲल्युमिनियमच्या या चाकांना कारखान्यात ठरावीक तापमानाला तापवून मजबुती आणलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागची ती मजबुती जाते. तसंच टायरच्या बाजूच्या भिंतीला कुठे फुगा आलाय का, ते हात फिरवून बघा. फूटपाथला आपटल्यावर आतले धागे तुटतात आणि रबर तिथे फुगतं. असा टायर बदलायचाच. रंगाचे पैसे तिकडे लागले तरी चालतील.

चाक ठणठणीत निघालं, तर ते कोणत्या प्रकारचं आहे ते बघ. काही गाड्यांच्या दोन रंगी चाकांचा पुढचा भाग लेथवर कापून चमकवलेला असतो. नीट पाहिलं तर त्यावर जुन्या तबकडीसारख्या बारीक गोल रेघा दिसतात. ती चमक डब्यातल्या रंगाने येत नाही, त्यासाठी चाकं दुरुस्त करणाऱ्या दुकानातच जावं लागतं. तुमची चाकं साधी चंदेरी असतील तर घरी जमेल. आणि काळा रंग नको. चंदेरीवर काळा मारला तर चारही चाकं पूर्ण रंगवावी लागतात, आणि पुढे जरासा टवका उडाला तरी आतली चंदेरी लांबून चमकते. मूळ रंगाच्या जवळचा सिल्व्हर घेतलास तर फक्त डावीकडची दोन चाकं करून भागेल. दोन चाकांना ४०० मिलिलिटरचा प्रायमरचा (रंगाखालच्या थराचा) एक, रंगाचे एक-दोन आणि क्लिअरचा (रंगावरच्या पारदर्शक थराचा) एक डबा पुरतो. आणलेला काळा रंग फाटकाच्या ग्रिलला वापरा.

आता जागा. पोर्च अजिबात नको. पोर्चच्या भिंतीत स्वयंपाकघराची नाही तर हॉलची खिडकी असते, आणि स्प्रेचा वास दिवसभर घरात भरून राहतो. दम्याच्या माणसाला तो सोसत नाही. डब्यातला रंग बाहेर ढकलणारा वायू बहुतेक वेळा एलपीजीसारखा ज्वलनशील असतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो. जवळ शेगडी, समई, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती काही पेटतं असता कामा नये, आणि दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे पणत्याही असतील, तेव्हा जास्तच जपायचं. गच्ची किंवा मागचं मोकळं अंगण घ्या. शेजाऱ्याची गाडी जवळ उभी असेल तर ती हलवायला सांगा, रंगाचे कण वाऱ्यावर बरेच लांब जातात आणि दुसऱ्याच्या बॉनेटवर वाळूसारखे बसतात. आईला त्या दिवशी नुसतं तासाभरासाठी देवळात नाही, मावशीकडे थेट मुक्कामालाच पाठवा. रंगवलेलं चाकही रात्री घरात आणू नका. कापडी मास्क वाफेला अडवत नाही, एन-९५ सुद्धा नुसते कण अडवतो. हार्डवेअरच्या दुकानात कोळशाच्या डबीचा मास्क मिळतो, तो भावाला आणि तुला एकेक घ्या.

याच ठिकाणी एक ठाम गोष्ट सांगतो. क्लिअर कोट दोन प्रकारचा मिळतो. एकात बुडाचं बटण दाबून आत हार्डनर (थर कडक करणारं रसायन) सोडायचा असतो. तो फार टिकाऊ असतो, पेट्रोल पडलं तरी त्याला सहसा काही होत नाही, म्हणून दुकानदार आग्रह करेल. त्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाने धडधाकट माणसालाही दमा जडू शकतो. तुमच्या घरात तो डबा येता कामा नये. साधा क्लिअर घ्या. तो थोडा कमी टिकेल, चालेल.

काम दोन दिवसांत चार चाकं असं होत नाही. एका सुट्टीला एक चाक. एक चाक काढायचं, त्याजागी स्टेपनी लावायची, आणि गाडी जमिनीवर ठेवायची. गाडी रात्रभर जॅकवर ठेवू नका. सपाट जागा, हँडब्रेक, पहिला गिअर, उचलायच्या चाकाच्या तिरप्या विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड किंवा वीट. नट आधी जमिनीवरच अर्धा फेरा सैल करायचे आणि मग गाडी उचलायची. उचललेल्या गाडीखाली हात-पाय घालायचा नाही.

चाक आधी पाण्याने भिजवून धुवा, कोरडी धूळ फुंकू नका, ब्रेक झिजून आलेली ती भुकटी छातीत जाणं बरं नव्हे. डांबराचे ठिपके घासलेटाच्या फडक्याने निघतात. त्यानंतर पुन्हा साबण, कारण घासलेटाचा तेलकटपणा राहिला तर रंग धरणार नाही. पूर्ण वाळल्यावर थिनरच्या स्वच्छ फडक्याने एकदा पुसा.

टायर झाकायला घरात जुन्या लग्नपत्रिका असतीलच. त्यांचा जाड कागद या कामासाठी बनवल्यासारखा असतो. टायरची हवा थोडी कमी करून रिम आणि रबराच्या फटीत एकेक पत्रिका उभी खोचत जायची, एकीवर एक चढवून, की चाकाभोवती फुलासारखी पाकळ्यांची रांग होते. रंग पत्रिकांवर पडतो, रबर कोरडं राहतं. वॉल्व्हला मास्किंग टेप.

मग घासणं. सगळं काम इथे आहे. रिमच्या कडेला धातूची कुसळं उभी राहिली असतील ती आधी बारीक कानशीने काढायची. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर फक्त ओरखड्यावर, मग २४०, मग ४०० चा वॉटर पेपर पाणी लावून सगळ्या चाकावर. जुना रंग जिथे संपतो आणि उघडा धातू सुरू होतो तिथे एक पायरी असते, डोळ्यांना ती दिसत नाही. डोळे मिटून अंगठ्याचं नख त्यावरून अलगद ओढ. नख अडखळलं तर अजून घासायचं. नख पाण्यावरून गेल्यासारखं सरकलं की ती जागा झाली. मी पहिल्या वेळी डोळ्यांवर विसंबलो होतो, आणि रंग वाळल्यावर तीच पायरी नकाशातल्या किनाऱ्यासारखी उठून आली. या कामाला एका चाकाला तीन-चार तास लागतात. बाबांना इथे बसवा. सावकाश, नेटाने करायचं काम पासष्टीतल्या माणसाच्या हाताला तुमच्यापेक्षा चांगलं जमेल.

पुट्टी जमेल तितकी टाळा. उथळ ओरखडा घासूनच काढायचा. रिमच्या बाहेरच्या कडेला एखादी खोल खाच असेल तरच हार्डनरवाली पुट्टी, अगदी पातळ. स्पोकवर आणि नटांच्या भोवती पुट्टीचं काही काम नाही.

हार्डवेअरच्या दुकानात प्रायमर मागितलास तर दुकानदार रेड ऑक्साइड हातात ठेवेल. तो लोखंडासाठी असतो. ॲल्युमिनियम घासलं की हवेने त्यावर लगेच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि साधा रंग त्याला नीट पकडत नाही. त्यासाठी एचिंग प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर लागतो, ऑटो पेंटच्या दुकानात मिळेल. एचिंग प्रायमरमध्ये आम्ल असतं, त्यामुळे तो पुट्टीवर मारू नये. पुट्टी वापरली असेल तर इपॉक्सी घ्या.

रंग मारण्याआधी एक जागा झाकायला विसरू नका, आणि हे मी ठळक अक्षरात लिहिलंय असं समज. चाकाच्या मागची जी सपाट बाजू हबला (गाडीच्या ज्या गोल तबकडीवर चाक बसतं तिला) टेकते ती, आणि नट ज्या खोलगट वाट्यांत बसतात त्या, या दोन्हींवर रंग पडू द्यायचा नाही. तिथे रंगाचा थर असला की नट घट्ट आवळल्यासारखा वाटतो, चालवताना तो थर दबतो, झिजतो, आणि नट सैल होतो. एकदा माझ्याकडून ती चूक झाली. साताऱ्याच्या वाटेवर मागून टकटक आवाज यायला लागला म्हणून गाडी बाजूला घेतली, तर एका चाकाचे दोन नट हाताने फिरत होते. घरची माणसं गाडीत होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक वाटीत कागदाचा बोळा कोंबून, वर टेप लावून, मगच डबा हातात घेतो.

डबा आतली गोळी वाजू लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवायचा. आधी जुन्या पत्र्यावर हात बसवा. अंतर एक वीत. फवारा चाकाच्या बाहेर सुरू करायचा, हात न थांबवता चाकावरून न्यायचा, आणि पलीकडे गेल्यावर बोट उचलायचं. पहिला हात इतका पातळ की खालचं दिसत राहावं, नुसते शिंतोडे. १० ते १५ मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. एकाच हातात सगळं झाकायला गेलं की ओघळ येतात, आणि ओघळ आला तर बोट लावू नका. वाळू द्या, दुसऱ्या दिवशी ६०० च्या वॉटर पेपरने बसवा आणि पुन्हा एक पातळ हात द्या. प्रायमर, रंग, क्लिअर, तिन्हींना हीच पद्धत. डब्यावर दोन थरांमधली वेळ लिहिलेली असते ती पाळा, मध्येच उशिरा मारलेला थर खालच्या रंगाला सुरकुत्या पाडतो.

वेळ सकाळी दहाच्या पुढची, दव उडाल्यावर, पण सावलीत. हवा दमट असेल तर रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंगावर पांढुरकं धुकं येतं. म्हणून पावसाळ्यात हे काम करू नये, कोकणातल्या आणि मुंबईच्या वाचकांनी तर दिवाळीपर्यंत थांबलेलंच बरं. उलट विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात रंग हवेतच वाळून चाकावर खरखरीत बसतो. सांगलीकडे कार्तिकातली कोरडी हवा यासाठी अगदी योग्य. डबे मात्र बंद गाडीत किंवा उन्हात ठेवू नका, ५० अंशांच्या वर ते फुटू शकतात.

चाक २४ तास तसंच राहू द्या. बसवताना नट आधी हाताने लावायचे, मग पाना, आणि आवळताना समोरासमोरचे, एकाशेजारी एक नाही. टायरवाल्याकडे टॉर्क पाना (ठरावीक जोराने नट आवळणारा) असतो, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला त्याच्याकडून आवळून घ्या, कमी केलेली हवाही तिथेच भरा. एक आठवडा प्रेशर वॉश नाही, आणि चाकं उजळवणारी आम्लाची द्रावणं कधीच नाहीत.

दोन्ही चाकं बसली की साखरपुड्याच्या आधीच्या एखाद्या सकाळी तासगावला गणपतीला जाऊन या. सांगलीपासून जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतील, नट तपासायला तेवढं अंतर योग्य. बाबांना चालवू दे, तू डावीकडे बस. परत आल्यावर गाडी गार झाली की पाना काढा आणि प्रत्येक नट एकेकदा तपासा. पहिला बाबांना तपासू दे.